कंदीलची सव्वा मूठ

शनिवारी सकाळी गहू मोजताना मंजुळाबाईंच्या तोंडून भूषणचं नाव आलं आणि ओसरीवरचा अडकित्त्याचा आवाज थांबला. कौतिकनाना सुपारी कातरत होते. कातरलेलं खांड त्यांनी तसंच बोटांत धरून ठेवलं.

रोटांचे गहू मोजायची या घराची रीत ठरलेली होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसायची आणि तिच्या आदल्या दिवशी भाऊबंदांतल्या प्रत्येक लग्न झालेल्या पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडायचे. नाव मोठ्याने घ्यायचं, मूठ सोडायची, वर पाव मूठ. ते गहू घरच्या जात्यावर दळायचे, त्या पिठाचे जाडजूड रोट भाजायचे, आणि ज्यांची नावं घेतली त्यांच्याच घरांनी ते खायचे. परक्याला त्यातला कणही चालत नसे. उरलंसुरलं शेतात पुरायचं. पहूरच्या या घरात सून म्हणून आल्यापासून, गेली त्रेचाळीस वर्षं, मोजणारा हात मंजुळाबाईंचा होता. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत. ‘यांची’ म्हणून पहिली मूठ उखर्डूआबांची पडे, दुसरी धाकटे दीर कौतिक यांची. कौतिकनाना सतरा वर्षांत रोटाला आले नव्हते, तरी त्यांची मूठ कधी चुकली नाही. त्यांच्या वाटणीचा रोट दर वर्षी केळीच्या बागेत, विहिरीच्या अंगाला, पुरला जाई.

त्यांच्या मुलाची, भूषणची मूठ मात्र सतरा वर्षांत एकदाही पडली नव्हती.

“भूषणची,” मंजुळाबाईंनी नाव पुन्हा घेतलं, कारण पहिल्या खेपेला गहू सुपाबाहेर गेले होते.

“मूठ भरीसन ल्या अक्का,” जाऊबाई धुरपदाबाई, भूषणची आई, दारातून म्हणाल्या. “सतरा वरीसनी भूक शे पोऱ्याले.”

कोणीतरी हसलं आणि घरातला ताण थोडा सैल झाला. पोऱ्या म्हणजे बेचाळीस वर्षांचा, कानशिलं पिकलेला गुरांचा डॉक्टर. तो उंबऱ्यापाशी हात बांधून, नाव पुकारायची वाट बघणाऱ्या शाळकरी मुलासारखा उभा होता. त्याच्यामागे दिपमाला, त्याची बायको, पदर दोन्ही हातांनी धरून. ती दुसऱ्या जातीची. दोघांनी धुळ्याला जाऊन नोंदणीचं लग्न केलं, त्याच श्रावणात उखर्डूआबांनी सांगितलं की भूषणची मूठ पडणार नाही. तेवढ्यावर कदाचित नाना गप्प बसलेही असते. पण त्याच सकाळी, सुपातलं शेवटचं नाव झाल्यावर, आबांनी आणखी एक मूठ टाकायला लावली होती. ती घोड्याची होती.

“घोड्याले मोजता, अन् माह्या पोराले नाही?” कौतिकनाना त्या दिवशी एवढंच म्हणाले होते. मग बायकोपोरांना घेऊन ते सासुरवाडीला दोंडाईच्याला जे गेले, ते तिकडचेच झाले. आता त्यांच्या बोलण्यात ‘मले’च्या जागी तिकडचं ‘माले’ आलं होतं. उखर्डूआबांना हे काल रात्रीच्या जेवणातच कळलं, आणि हातातला घास त्यांनी जरा वेळ ताटातच ठेवला होता.

भूषणची मूठ पडू द्यायला आबा तयार झाले, तेव्हा नानांना परत आणायला मंजुळाबाई स्वतः गेल्या होत्या, आषाढात, एसटीने. काय बोलल्या ते त्यांनी घरी कोणाला सांगितलं नाही.

सगळ्यांची नावं झाली. मंजुळाबाईंनी पोत्यात हात घातला, क्षणभर डोळे मिटले आणि अगदी हळू म्हणाल्या, “कंदीलची.”

नानांनी सुपारी तोंडात टाकली. 

*

रविवारी सकाळी कानबाई बसली. केळीच्या दोन खांबांमध्ये पाट, पाटावर कलश, कलशावर नारळाची आई, तिला नथ, चांदीचे डोळे, कण्हेरीचा हार. आबांनीच सांगितलं म्हणून तो कलश या वर्षी भूषणने उचलून ठेवला. रोट भाजून झाले होते. गंगाफळाची भाजी चुलीवर होती, गिलके चिरून ठेवले होते. दिवेलागणीला नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळ्यांनी एका पंगतीला बसायचं. तोवर मंजुळाबाईंचा निरंकार उपास असे. पाण्याचा थेंबही नाही.

दहाच्या सुमाराला मेघा मागच्या दाराने आत आली. मंजुळाबाईंचा धाकटा मुलगा समाधान याची विधवा. कोपरापर्यंत हात चिखलाचे.

“आई, कंदील लोळतोय. उठवला तर पुन्हा पडतो. पोटाकडे वळून वळून बघतोय.”

भूषणने नवा सदरा काढून खुंटीला टांगला आणि गाडीतली पिशवी आणली.

तबेला घरामागे, केळीच्या बागेला लागून. बावीस वर्षांचा कंदील तिथे आडवा पडला होता. एके काळचं त्याचं तकतकीत तांबूस-काळं अंग घामाने भिजलं होतं आणि श्रावणातल्या वाऱ्यात ते थंडगार लागत होतं. कपाळावरचा पांढरा टिळा तेवढा पूर्वीसारखा. त्या टिळ्यावरून रेसच्या कागदांत त्याचं नाव ‘टिन लँटर्न’ होतं. ते पहूरपर्यंत येता येता कंदील झालं.

भूषणने हिरड्या बघितल्या, नाडी मोजली, पोटाला कान लावून बराच वेळ बसला. नाकातून नळी घातली, सुया दिल्या. मेघा त्याच्या तोंडाची मोहरकी धरून होती. तास गेला, दुसरा गेला. सुईने घटकाभर कंदील निपचित पडे, आणि मग पुन्हा पाय झाडायला लागे. शेवटी भूषण उठला, बादलीत हात बुडवले आणि ते तसेच बुडवून ठेवून दारात उभ्या मंजुळाबाईंना म्हणाला,

“अक्का, आतडं पिळलंय. हिरड्या काळ्या पडायला लागल्या. यावर शस्त्रक्रिया असते, पण ती मोठ्या शहरात, आणि या वयात टिकायचा नाही. वाटेतच जाईल.”

“मग?”

“त्याला सोडवावं लागेल. झोपेची सुई आहे माझ्याकडे. आज. जितक्या लवकर तितकं बरं.”

मंजुळाबाईंनी विचारलं की काल कोणी काही खाऊ घातलं का, आमचं काही चुकलं का. भूषण म्हणाला, कोणाचं चुकलं नाही, म्हातारपणी असं होतं. मग त्या घराकडे बघत राहिल्या. मागच्या दारातून कानबाईपुढचा दिवा दिसत होता.

भूषणला तेव्हा कळलं की तो काय बोलून बसला आहे. रोट पाळणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली तो रोटाच्याच दिवशी गेला, तर सण पडतो. नैवेद्य होत नाही, पंगत बसत नाही, कानबाईला उपाशीच वाघूर नदीवर पोचवावं लागतं. आणि त्यानंतर रोट बंद. पुन्हा कधीतरी, त्याच दिवशी, घरात मूल जन्मलं किंवा गाय व्याली तरच उघडायचे. शेजारच्या गल्लीत एका घराचे रोट तीन पिढ्या बंद होते.

*

उखर्डूआबा काठी टेकत आले आणि कंदीलच्या डोक्याशी पोत्यावर बसले. त्र्याहत्तर वर्षांच्या या माणसाचं नाव आईने उखर्डू ठेवलं होतं, आधीची दोन मुलं गेली म्हणून, यमाला तो उकिरड्यावरचा वाटावा म्हणून. आपल्या मुलाचं नाव ठेवताना त्यांना यमाची भीती वाटली नव्हती. त्यांनी समाधान ठेवलं.

समाधान लहान चणीचा. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत दुसऱ्याच्या घोड्यावरून दौड मारताना पुण्याच्या एका प्रशिक्षकाने त्याला पाहिलं आणि सतराव्या वर्षी तो पुण्याला तबेल्यात लागला. आधी खरारा करायचा, चंदी घालायची. चार वर्षांनी अंगावर जॉकीचा सदरा आला. कंदील त्याच्या हाती आला तेव्हा तीन वर्षांचा होता आणि बदनाम होता. पळायला कोणापेक्षा कमी नव्हता, पण शर्यत सुटायच्या आधी ज्या लोखंडी खणात घोडे उभे करतात त्या खणाला तो भ्यायचा. मागच्या पायांवर उभा राहायचा. दोनदा त्याच्यामुळे शर्यत खोळंबली. तिसऱ्यांदा असं झालं तर त्याला काढून टाकू, असं मालकाला कळवण्यात आलं.

समाधानने त्या वेळी फोन करून आईला विचारलं होतं, जात्यावर बसल्यावर तू जे गुणगुणतेस, शब्द नसलेलं, ते जरा म्हण. मंजुळाबाई लाजल्या. फोनवर काय म्हणायचं? पण म्हटलं. घरघरीसारखंच होतं ते, एका सुरातलं, श्वासाबरोबर खालीवर होणारं. समाधानने ते कंदीलच्या कानात म्हणायला सुरुवात केली. तबेल्यात, फिरवताना, आणि मग त्या खणात. कंदील उभा राहू लागला. कान मागे वळवून ऐकायचा, आणि दार उघडलं की सुटायचा.

एकतीस शर्यती तो पळाला. सात जिंकला. पावसाळ्यात पुणे, हिवाळ्यात मुंबई. मंजुळाबाईंनी एकही समोर बसून पाहिली नाही. आबांनी पाहिली ती एकच, कंदील पाच वर्षांचा असताना पुण्याला झालेली, दोन हजार मीटरची. खांद्यावर टॉवेल टाकून हे केळीवाले गृहस्थ कठड्याला उभे राहिले. पाऊस पडून गेलेला, मैदान जड. वळणापर्यंत कंदील शेवटून दुसरा होता आणि आबांना वाटलं की आपण उगाच आलो. मग समाधानचा पिवळा सदरा बाहेरच्या बाजूला आला, मोकळ्यात. “त्यानं त्याले चाबूक नाही दाखवला,” हे आबा पुढे किती वर्षं सांगत राहिले, “निस्ता मानेवर वाकला.” हजारो माणसं पहूरच्या पोराचं नाव घेऊन ओरडत होती. शर्यत जिंकून आल्यावर कंदीलने आबांच्या खांद्यावरचा टॉवेल तोंडात धरला आणि सोडला नाही.

त्याच आठवड्यात कानबाई होती. आबा घरी आले ते त्या धुंदीत आले. समाधानला सख्खा भाऊ म्हणजे मोठा कुंदन, पण तो धुळ्याला कॉलेजच्या कचेरीत. हा घोडा त्याचा दुसरा भाऊ, असं आबांनी ठरवलं आणि सुपावर बोट दाखवलं. माणूस आनंदात जे करून बसतो ते रागात केल्यापेक्षा निस्तरायला जड जातं, हे मंजुळाबाईंना त्याच दिवशी कळलं होतं. त्या काही बोलल्या नव्हत्या. नवऱ्यासमोर बोलायची त्यांची रीत नव्हती, आणि ते न बोलणं त्यांनी पुढे सतरा वर्षं देवापुढे कबूल केलं.

शेवटची शर्यत मुंबईची. कंदील आठ वर्षांचा. अखेरच्या टप्प्यात डाव्या पुढच्या पायाची शीर गेली आणि तरी तो तीन पायांवर तिसरा आला. समाधान रेष ओलांडताक्षणी उतरला आणि लगाम धरून त्याच्याबरोबर चालत गेला. मालक म्हणाले, आता हा तुझा. ट्रकच्या हौद्यात त्याच्याशेजारी उभा राहून समाधानने त्याला आणलं, अजिंठ्याचा घाट उतरून, पहूरच्या दारात.

आणि चार वर्षांपूर्वी, माघात, पुण्याला सकाळच्या सरावात एका कोवळ्या घोडीवरून पडून समाधान गेला. त्या श्रावणात त्याची मूठ पडली नाही. गेलेल्याची पडत नाही.

*

दुपारी ओसरीवर सगळे बसले. कंदीलचं कण्हणं तिथपर्यंत ऐकू येत होतं, आणि प्रत्येक जण ते ऐकू येत नसल्यासारखं बोलत होता.

कुंदनने मार्ग काढला. टेम्पो मागवू, शिवेबाहेर नेऊ, तिथे भूषण सुई देईल. घरात काही झालंच नाही मग. धुरपदाबाईंनी मान हलवली. माणूस दवाखान्यात गेला म्हणून काय तो परका होतो? आणि भूषणने सांगितलं की या अवस्थेत त्याला टेम्पोत चढवणं म्हणजे हाल.

मग मंजुळाबाईच बोलल्या. त्यांचा आवाज मुळात लहान, त्यात पोटात पाणी नाही. उद्या सकाळी कानबाई नदीवर पोचली की मग काय ते कर, तोवर औषधाने दुखणं दाबून ठेवता येणार नाही का, असं त्यांनी विचारलं. विचारताना त्या भूषणकडे बघत नव्हत्या.

“होतं तेवढं औषध दिलं, अक्का,” भूषण म्हणाला. “आता दाबलं जात नाही. उद्यापर्यंत ठेवलं तर तो रात्रभर ओरडेल.”

 कौतिकनानांनी अडकित्ता मिटला.

“एक रस्ता शे,” ते म्हणाले. “नैवेद्य अजून व्हयना नही. त्यानी मूठ काढी टाका. एक रोट बाजूले ठेवा, बाईले सांगा, हाई नाव चुकीसन लिधं. मंग ते निस्तं जनावर. जनावर मरनं, सण पडस नही.”

त्यात कुचकेपणा नव्हता. ते खरंच सुचवत होते. पण सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या, कारण ते नाव घ्यायला लावणारा माणूस तिथेच बसला होता. धुरपदाबाईंनी पदर तोंडाला लावला. सतरा वर्षांत त्यांनी हीच गोष्ट मनात किती वेळा घडवून पाहिली असेल कोण जाणे.

आबांनी काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले,

“काढा. चूक माही व्हती. घोडं ते घोडं. भूषणचा पयला रोट मोडायचा नाही मले.”

कौतिकनाना हा दिवस बघायला जगले होते म्हटलं तरी चालेल. पण भाऊ खरोखर वाकला तेव्हा त्यांनीच नजर खाली घातली. कुंदनने सुटकेचा श्वास टाकला आणि आता पुरोहिताला विचारायचं की आपणच रोट बाजूला ठेवायचा, असं काहीतरी बोलू लागला. मेघा खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती काही बोलणार नाही हे मंजुळाबाईंना ठाऊक होतं. या घरात सुना बोलत नसत. त्यांनीच तो पायंडा पाडला होता.

बोलला तो भूषण.

“आबा, नका काढू.”

“तुह्यासाठीच काढतो ना बापा.”

“माहीत आहे. म्हणूनच म्हणतो.” तो घुटमळला. बोलायची सवय त्यालाही नव्हती. दिवसभर मुक्या जनावरांत राहणारा माणूस. “मला तुम्ही मोजलंच नव्हतं. ते मी सोसलं. बाहेरचा तर बाहेरचा. पण सतरा वर्षं मोजून, घरात ठेवून, मग गरज पडली म्हणून काढलं असतं, तर मला नसतं सोसलं. आणि तो मरतोय आबा. त्याला आज काढायचं?”

 आतून कानबाईपुढच्या उदबत्तीचा वास येत होता. दिपमालाने नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बघितलं.

मंजुळाबाई उठल्या. भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या, कारण उपासाने डोळ्यांपुढे अंधारी आली होती.

“त्या मुठीत तो एकटा नाही,” त्या म्हणाल्या. “मले सांगायचं आहे. चार वर्षं झाली, तोंडानं मी कंदील म्हणते. मनात दुसरं नाव असते. गेलेल्याची मूठ टाकू नाही, हे मले माहीत हाये. मी टाकली. देवीसमोर टाकली. सण पडायचा तो त्याच दिवशी पडला असन.”

मेघाने तोंड भिंतीकडे फिरवलं.

या घरात असं कधी झालं नव्हतं. नेमाला, व्रताला, सोवळ्याला गाव मंजुळाबाईंचं नाव घेत असे. एकादशी, सोमवार, चातुर्मासातलं एकभुक्त, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि त्या हे सांगत होत्या, भर दुपारी, भाऊबंदांसमोर. त्यांना वाटलं होतं की कोणी तरी ‘राम राम’ म्हणून कानांवर हात ठेवील.

आबांनी मान वर केली. “मले माहीत व्हतं,” ते म्हणाले. “ती मूठ तुही मोठी पडते.”

मंजुळाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. चार वर्षं हा माणूस सुपाशेजारी बसून गप्प होता.

मग त्या कोणाला न विचारता आत गेल्या. कानबाईपुढे बसल्या, पदर पसरून. काय बोलल्या ते दारातल्या दिपमालाला तेवढं ऐकू आलं. “बाई, तू माहेरी येते अन् आज तुले उपाशी पाठवते. माह्याच हातून व्हतं. राग धरायचा तर माह्यावर धर, या लेकरांवर धरू नको.” त्यांनी देवीला कुंकू लावलं. पुन्हा येण्यासाठी म्हणून ओटीत चार दाणे घालतात ते घातले. त्यांचं त्रेचाळीस वर्षांचं व्रत त्यांनी आपल्या हाताने उतरवलं.

बाहेर येऊन त्या भूषणला म्हणाल्या, “चाल.”

*

त्याला त्यांनी उठवलं नाही. मेघाने डोकं मांडीवर घेतलं. आबांनी खांद्यावरचा टॉवेल त्याच्या तोंडाशी धरला, पण तो आता काही धरू शकत नव्हता. टॉवेल नुसता ओठांना लागला. कौतिकनाना तबेल्याच्या दारापर्यंत आले आणि थोडं थांबून आत आले.

भूषण म्हणाला, सुई लागताना तो बिथरेल, धरून ठेवा. मंजुळाबाई त्याच्या कानाशी वाकल्या. त्यांनी ते जात्यावरचं गुणगुणणं सुरू केलं, शब्द नसलेलं. घसा कोरडा होता, सूर फाटत होता. कंदीलचा कान मागे वळला. पाय झाडणं थांबलं. लोखंडी खणात उभा राहायचा तसा तो पडल्या जागी स्तब्ध झाला, कुठलंसं दार उघडायची वाट बघत असल्यासारखा.

“दे,” त्या भूषणला म्हणाल्या, आणि मग कानात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “जा माह्या समाधान.”

मोठ्या घोड्याला जायला वेळ लागत नाही. भूषणने डोळ्यावर बोट ठेवून पाहिलं आणि मान हलवली. मेघा तेव्हा रडली, चार वर्षांपूर्वी रडली नव्हती तशी.

केळीच्या बागेत, विहिरीच्या अंगाला, खड्डा घेतला. कौतिकनानांच्या वाटणीचे सतरा रोट जिथे मातीत गेले होते, तीच जागा. नानांना ते माहीत नव्हतं. आबांनी ते हातातल्या काठीने दाखवलं. नाना त्या मातीकडे बघत उभे राहिले आणि मग वाकून पहिली ओंजळ त्यांनीच टाकली. यंदाचे सगळे रोट, भूषणचा धरून, कंदीलबरोबर पुरले गेले. कानबाईला दिवेलागणीच्या आधीच वाघूरवर पोचवलं. वाजंत्री नव्हती. कलश भूषणनेच नेला.

परत आल्यावर अंघोळीचा प्रश्न आला. घोड्याचं सुतक धरतात का, हे कुंदनने विचारलं, आणि त्याचं उत्तर कोणत्याच पोथीत नव्हतं. कौतिकनाना विहिरीवरच्या मोटारीच्या नळाखाली जाऊन बसले, धोतरासकट. पाण्याची धार डोक्यावर घेत म्हणाले,

“मोजेल व्हता ना? मंग.”

त्यांच्यामागून आबा बसले. दोघे म्हातारे भाऊ एका धारेखाली, खांद्याला खांदा लावून, लहानपणी बसत तसे. सण पडतो तेव्हा पंगत मोडते. सुतक मात्र भाऊबंदांनाच असतं, परक्याला नसतं. हे मंजुळाबाईंना आजवर माहीत होतं ते नुसतं शास्त्र म्हणून.

बायका मागच्या अंगणातल्या हौदावर गेल्या. मेघा, धुरपदाबाई, कुंदनची बायको चारुलता. दिपमाला तेवढी दाराशी उभी राहिली. सतरा वर्षं लग्नाला झाली, पण या घरातल्या हौदाला तिचा हात लागला नव्हता. रोटाला आली होती, रोट तर राहिले. मग ती मंजुळाबाईंना अगदी हळू म्हणाली,

“अक्का, मला पण आहे का अंघोळ?”

मंजुळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. उपास अजून सुटला नव्हता. ओठ फुटले होते. त्यांनी हौदात तांब्या बुडवला, दिपमालाचा दंड धरून तिला दगडावर बसवलं आणि तिच्या डोक्यावर पाणी घातलं.